पावसात आटणारं जॅकेट : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या कंपन्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. सगळं जाहीर आहे आणि शोधणाऱ्याला पाच मिनिटांत सापडेल. पण वर्गात नाव घेतलं की चर्चा निर्णयावरून माणसांवर घसरते, असा माझा अनुभव आहे. म्हणून इथे एक ‘तंतू कंपनी’ आणि एक ‘कपडे कंपनी’. ठिकाणं, सालं आणि आकडे मात्र खरे आहेत.

पार्श्वभूमी

जपानच्या यामागाता प्रांतात त्सुरुओका नावाचं शहर आहे. आजूबाजूला भातशेती, हिवाळ्यात भरपूर बर्फ. तिथे एका विद्यापीठाचं जैवविज्ञान केंद्र आहे आणि त्या केंद्रातल्या तरुण संशोधकांनी 2007 मध्ये तंतू कंपनी काढली. उद्देश एकच होता, कोळ्याचं रेशीम कोळ्यांशिवाय बनवायचं.

कोळी छतावरून खाली लोंबकळत उतरतो तो धागा त्यांना हवा होता. कोळ्याच्या पोटात वेगवेगळ्या धाग्यांच्या वेगवेगळ्या ग्रंथी असतात. भक्ष्य चिकटवायचा धागा निराळा, अंडी गुंडाळायचा निराळा. हा लोंबकळायचा धागा सगळ्यात दणकट. वजनाला वजन लावलं तर पोलादाला मागे टाकतो, शिवाय ताणला तर तुटण्याआधी भरपूर लांबतो. दणकटपणा आणि लवचिकपणा हे दोन गुण एकाच तंतूत सहसा नांदत नाहीत, म्हणून कापडवाल्यांचा जीव त्याच्यावर.

मग रेशमाच्या किड्यासारखे कोळी का पाळत नाहीत? कारण एका पेटीत ठेवले की ते एकमेकांना खातात. 2012 मध्ये लंडनच्या एका संग्रहालयात कोळ्यांच्या रेशमाची सोनेरी केप (खांद्यावरून घ्यायचा झगा) मांडली होती. तिच्यासाठी मादागास्करमध्ये दहा लाखांहून जास्त कोळिणी पकडून त्यांच्या पोटातून हाताने धागा ओढून घेतला होता. कौतुक करावं अशी वस्तू, पण तो काही धंदा होऊ शकत नाही.

त्सुरुओकातल्या मंडळींनी दुसरा रस्ता धरला. कोळ्याच्या रेशमाच्या प्रथिनाचा जनुक तयार करायचा, जिवाणूत घालायचा, जिवाणूला टाकीत साखर खाऊ घालून वाढवायचं, त्याने बनवलेलं प्रथिन वेगळं काढून त्याची पूड करायची. ती पूड द्रावकात विरघळवून बारीक छिद्रांतून दाबली की तंतू निघतो. 2013 मध्ये त्यांनी या तंतूचा निळा झगमगीत ड्रेस लोकांना दाखवला. तंतूला दिलेल्या नावात जपानी भाषेतला ‘कोळ्याचं जाळं’ हा शब्दच लपलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

2015 मध्ये डोंगर-बर्फातले कपडे करणाऱ्या कपडे कंपनीने तंतू कंपनीत तीनशे कोटी येन गुंतवले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत दोघांनी मिळून एक सोनेरी जॅकेट जगापुढे ठेवलं. कडाक्याच्या थंडीत घालायचं, टोपी असलेलं जाड जॅकेट. हा नमुना आहे आणि पुढच्या वर्षी बाजारात आणू, असं जाहीर झालं.

2016 उजाडलं आणि सरलं. जॅकेट आलं नाही.

अडचण

अडचण पाण्याची होती.

कोळ्याचा हा धागा मोकळा सोडून ओला केला की आटतो, आणि तोही थोडाथोडका नाही. कोळ्याच्या जातीप्रमाणे फरक पडतो, पण काही जातींत लांबी जवळजवळ निम्म्यावर येते. पाण्यात बुडवायचीही गरज नसते, हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की काम सुरू. इंग्रजीत याला सुपरकॉन्ट्रॅक्शन म्हणतात, आपण ‘अतिआकुंचन’ म्हणू. आणि हे काही नव्याने लागलेलं ज्ञान नव्हतं. ओलं झाल्यावर कोळ्याच्या धाग्याचं काय होतं यावरचा रॉबर्ट वर्क यांचा निबंध 1977 मध्ये छापून आला होता, आणि तोही कापड-संशोधनाच्याच नियतकालिकात.

आटणं म्हटलं की आपल्याला सुती नऊवारी आठवते, पहिल्या धुण्यात वीतभर कमी होणारी. किंवा पावसात भिजून ताठ झालेली बाजेची सुतळी. पण ही प्रकरणं वेगवेगळी आहेत. सुतळीतला तंतू पाणी पिऊन जाड होतो, पीळ घट्ट बसतो आणि म्हणून दोर आखूड होतो. सुती कापड आटतं ते मागावर आणि पुढच्या प्रक्रियेत त्याला दिलेला ताण पाण्यात सुटतो म्हणून. लोकर आटते कारण तिच्या केसांवरचे खवले एकमेकांत अडकून बसतात. कोळ्याच्या धाग्यात यातलं काहीच नाही. तिथे रेणूच आखडतो.

कसा, ते पाहू. या प्रथिनाच्या साखळीत दोन प्रकारचे पट्टे आलटून पालटून येतात. एक ॲलनिन या अमिनो आम्लाचा. हे पट्टे एकमेकांना चिकटून बारीक, कडक स्फटिक बनतात आणि त्यांच्यात पाणी शिरत नाही. दुसरा ग्लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाने भरलेला, मऊ, विस्कळीत. कोळी धागा ओढून काढतो तेव्हा हे मऊ पट्टेही धाग्याच्या दिशेने ताणले जातात आणि तशाच ताणलेल्या अवस्थेत हायड्रोजन बंधांनी जागच्या जागी अडकतात. ताणून खिळे ठोकून ठेवलेलं रबर म्हणा. पाणी येतं आणि ते खिळे उपटतं. मऊ साखळ्या मोकळ्या होऊन गोळा होतात, स्फटिक त्यांच्याबरोबर ओढले जातात आणि सबंध धागा आखूड होतो. मऊ पट्ट्यांत प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल जितकं जास्त, तितकं आटणं जास्त, असंही दिसून आलं आहे.

वर्गात हे दाखवायला मी एक साधा प्रयोग करतो. आपल्याकडे सह्याद्रीत आणि कोकणात दोन झाडांच्या मधे मोठ्ठं जाळं विणणारी, काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेली कोळीण सापडते. धागा उन्हात सोनेरी दिसतो. तिला काडीवर घेऊन हलकेच खाली सोडायचं आणि ती सोडत जाईल तो धागा काडीवर गुंडाळायचा. कोळिणीला परत झाडावर ठेवायचं. त्यातला हातभर धागा उलट्या काचेच्या बरणीत वरून टांगायचा, खालच्या टोकाला तांदळाएवढा कागदाचा कपटा चिकटवायचा, बरणीवर मागून पेन्सिलने कपट्याच्या उंचीची खूण करायची आणि तळाशी ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा. थोड्या वेळात कपटा वर चढायला लागतो. मुलं पहिल्यांदा बरणीच्या वर बघतात, कोणी ओढतंय का म्हणून.

हा प्रयोग डिसेंबरातच करायचा. एकदा जुलैत मालवणकडच्या एका कार्यशाळेत केला आणि तोंडघशी पडलो. कपटा ढिम्म. हवेतच एवढी ओल होती की धागा बरणीत जायच्या आधीच आटून बसला होता.

आता हे जॅकेटवर न्या. पाणी अडवणाऱ्या जॅकेटचं कापड बहुधा थरांचं असतं. बाहेर विणलेलं कापड, त्याला आतून चिकटवलेला पातळ पडदा. बाहेरचं कापड आटलं आणि पडदा आटला नाही, तर दोन्ही एकमेकांपासून सुटायला बघतात. शिवणी गोळा होतात, चेन लाटेसारखी वर-खाली होते. आपल्याकडच्या कपड्याच्या धंद्यातही धुण्यात तीन टक्क्यांच्या वर आटलेलं कापड घेताना गिऱ्हाईक कुरकुर करतं. इथे गोष्ट त्याच्या कितीतरी पट होती, आणि वस्तू होती बर्फ-पावसात घालायची.

कोळ्यासाठी मात्र हा दोष नाही. जाळ्याचे मुख्य धागे दोन्ही टोकांना बांधलेले असतात. ते आखूड होऊ शकत नाहीत, नुसते ताठ होतात. पहाटे दवाचे थेंब जाळ्यावर लटकले की एरवी जाळं खाली झोळ घेईल. पण त्याच दमटपणाने धागे ताठतात आणि जाळं ताणलेलं राहतं. निदान हे एक स्पष्टीकरण अभ्यासक देतात आणि मला ते पटतं. जॅकेटला बांधायला फांद्या नसतात, एवढाच फरक.

समोरचे पर्याय

बंद दाराआड कोण काय म्हणालं हा या अभ्यासाचा विषय नाही. अशा वेळी कापडाचं काम करणाऱ्या कुणाच्याही टेबलावर जे पर्याय येतात, ते मांडतो.

पहिला, आपल्या गिरण्यांना ठाऊक असलेला. आधीच आटवून घ्या. जुन्या शर्टांच्या कॉलरवर ‘सॅनफोराइज्ड’ असा शिक्का असायचा, तो याच कल्पनेचा. तंतू ओला करून मोकळा आटू द्यायचा, वाळवायचा, मग सूत आणि कापड. ऐकायला सोपं, पण याला दोन अडचणी आहेत. आटलेल्या तंतूचा ताठपणा कमी होतो, ओला असताना तर तो मऊ आणि रबरासारखा होतो, म्हणजे ज्या गुणासाठी एवढा खटाटोप केला तोच हातचा जातो. आणि आटणं कायमचं नसतं. ओला असताना पुन्हा ताणलात तर तो परत आटायला तयार होतो, आणि सूतकताई, सायझिंग (सुताला खळ देणं), विणकाम यात सुताला ताणण्याखेरीज दुसरं होतं काय! त्यावर आणखी एक गंमत, पुरता आटलेला कोळ्याचा धागा त्यानंतर उलटा वागतो. वाळला की किंचित आखडतो, दमट झाला की किंचित लांबतो. म्हणजे जॅकेट हवामानाबरोबर श्वास घेत राहणार.

दुसरा, पाणी आतच जाऊ द्यायचं नाही. कापडावर पाणी झटकणारा लेप सगळेच जॅकेटवाले देतात. पण असा लेप थेंब अडवतो, वाफ नाही. घाम वाफेच्याच रूपाने बाहेर पडायला हवा, नाहीतर जॅकेट म्हणजे प्लास्टिकची पिशवी. आणि या तंतूला आटायला वाफ पुरते. मला हा पर्याय सुरुवातीलाच बाद वाटतो.

तिसरा, मिश्रण. कापसाबरोबर थोडा प्रथिन तंतू मिसळायचा. न आटणारा सोबती भरपूर असला की आटणाऱ्याला तो धरून ठेवतो. कापडाला थोडासा निराळा स्पर्श येतो. पण मग हे ‘कोळ्याच्या रेशमाचं जॅकेट’ राहत नाही.

चौथा, वस्तूच बदला. हा पर्याय दुसऱ्या कुणीतरी घेतला होता. 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने कोळ्याच्या रेशमावर बेतलेल्या तंतूचे पन्नास नेकटाय सोडत काढून 314 डॉलरला एक असे विकले. टाय कोणी धूत नाही, पावसात घालून फिरत नाही, शिवाय तो मापात बसण्याचा प्रश्नच नसतो. अर्धा इंच आखूड झाला तरी गाठ खाली बांधली की झालं. मला हा निवड-नमुना फार आवडतो. चतुराईचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पाचवा, प्रथिनच बदला. जनुकातच हात घालून आटणं ज्यामुळे होतं ते पट्टे काढायचे किंवा बदलायचे. यात सगळं नव्याने करावं लागतं. नवा जनुक, नवी टाकी, नव्या प्रथिनाला चालेल असं द्रावण, नवं सूत, नवं कापड, आणि मग पाण्यात बुडवून बघायचं. नापास झालं तर परत पहिल्यापासून. पण टिकलं तर तेच खरं उत्तर.

काय केलं

तंतू कंपनीने पाचवा पर्याय धरला, आणि जाताजाता तिसऱ्याचा आधार घेतला.

या निर्णयात एक न दिसणारी किंमत होती, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. मऊ पट्टे बदलत गेलं की प्रथिन कोळ्याचं राहत नाही. पाण्याची ओढ कमी करायची म्हणजे कोळ्याने कोट्यवधी वर्षांत जे जमवलं त्यातला एक भाग मुद्दाम फेकून द्यायचा. मग पाटीवर ‘कोळी’ कसा लिहायचा? 2013 पासूनची सगळी प्रसिद्धी त्या एका शब्दावर उभी होती. पैसेही त्याच शब्दाने खेचून आणलेले.

कंपनीने शब्द सोडला. जाळ्यावरून ठेवलेलं जुनं नाव मागे पडलं. त्याच्या जागी आंबवून तयार केलेलं प्रथिन अशा अर्थाचं, बिअर गाळण्याची आठवण करून देणारं नाव आलं. जाहिरातवाल्याच्या दृष्टीने ही आपटी म्हणायची. कापडवाल्याच्या दृष्टीने मात्र या मंडळींनी या दिवशी पहिल्यांदा आपलं गिऱ्हाईक कोण ते ओळखलं. बर्फात उभ्या माणसाला जॅकेट कोळ्याचं आहे की नाही याने काही फरक पडत नाही, बाही मनगटापर्यंत येते की नाही याने पडतो.

मधली वर्षं प्रयोगशाळेत गेली. 2019 च्या उन्हाळ्यात पहिली विक्रीची वस्तू जाहीर झाली, ती जॅकेट नव्हे, टी-शर्ट. बहुतांश कापूस, सुमारे साडेसतरा टक्के प्रथिन तंतू, नग 250. टी-शर्ट तर रोज धुवायची वस्तू. मिश्रणाच्या आडोशाने का होईना, धुण्याच्या परीक्षेला बसायची तयारी त्यातून दिसली.

निष्पत्ती

सोनेरी नमुना दाखवल्यानंतर चार वर्षांनी, डिसेंबर 2019 मध्ये जॅकेट विक्रीला आलं. नग पन्नास. किंमत दीड लाख येन. तेही सोडतीत नाव निघालं तर.

पन्नास हा आकडा ऐकून वर्गात दरवेळी कोणीतरी हसतं. इचलकरंजीचा एखादा पोरगा म्हणतो, “सर, एवढं कापड तर आमचा एक माग दोन दिवसांत काढतो.” हसण्यासारखंच आहे. पण त्या पन्नासांनी एक गोष्ट सिद्ध केली, की असा तंतू पाण्याचं काम असलेल्या कपड्यात टिकवता येतो. पुढे कंपनीने थायलंडमध्ये, रायोंग प्रांतात, प्रथिन आंबवण्याचा मोठा कारखाना उभारला. 2022 पासून तिथे उत्पादन सुरू झालं. प्रयोगशाळेच्या टाकीतून कारखान्याच्या टाकीत जाण्याचं गणित हे वेगळंच प्रकरण आहे, त्यात इथे शिरत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख जाहीर करण्याची घाई, हे मला सर्वांत मोठं खटकतं. नमुना दाखवायला काहीच हरकत नव्हती. पैसे लागतात, आणि सोनेरी जॅकेट पैसे आणतं. पण ‘पुढच्या वर्षी’ हे दोन शब्द कशासाठी? प्रदर्शनात काचेमागे उभ्या जॅकेटची परीक्षा होत नाही. सुती शर्ट काढणारा भिवंडीचा छोटा कारखानदारही नवं कापड आलं की आधी एक तुकडा कापून, मापाच्या खुणा करून, धुऊन वाळवून बघतो, मगच ऑर्डर घेतो. ही तुकडा-चाचणी प्रसिद्धीच्या आधी यायला हवी.

दुसरं, ज्ञान दोन कप्प्यांत विभागलं जातं. जनुकवाले ताकद मोजतात, कापडवाले धुणं मोजतात. 1977 चा निबंध कापडाच्या नियतकालिकात होता. तो जीवशास्त्रज्ञाच्या टेबलावर पोचायला वेळ लागतो. पैसे गुंतवायच्या आधी कपडे कंपनीच्या धुलाई विभागातला एक अनुभवी माणूस प्रयोगशाळेत महिनाभर बसवला असता तर, असं मी मुलांना विचारतो. त्यावर एका विद्यार्थिनीने फार चांगलं उत्तर दिलं होतं. “सर, त्याचं ऐकलं कोणी असतं का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरं, थोडं वादाचं. पहिली वस्तू म्हणून जॅकेट निवडणंच चूक होतं का? टायवाल्यांनी दुबळेपणा लपेल अशी वस्तू निवडली. जॅकेटवाल्यांनी तो उघडा पडेल अशी. धंद्याच्या हिशोबात टायवाले शहाणे. पण टाय करत बसले असते तर प्रथिन बदलायची वेळ कदाचित आलीच नसती. अवघड वस्तूने त्यांना मुळापर्यंत जायला भाग पाडलं. चार वर्षं गेली हे खरं, पण ती टाळता आली असती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

चौथा प्रश्न जॅकेटच्या बाहेरचा आहे. फेकून दिलेल्या गुणाचं काय? 2023 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात सिंगापूरच्या संशोधकांसह एका गटाने कोळ्याच्या धाग्यावरून सुचलेली एक पातळ फिल्म मांडली. कोरडी असताना ती हाताळायला सोपी. ओली झाली की काही सेकंदांत निम्म्याहून जास्त आखडते आणि मऊ, जेलीसारखी होते. तिच्यावर विद्युत-अग्र (इलेक्ट्रोड) बसवून ती मज्जातंतूभोवती किंवा स्नायूवर ठेवली, की शरीराच्या ओलीनेच आखडून तिथे नेमकी, घट्ट बसते. टाका नाही, चिकटद्रव्य नाही. काही जण कोळ्याच्याच धाग्यावर दमट आणि कोरडी हवा आलटून पालटून सोडून त्याच्याकडून वजन उचलून घेतात, स्नायूसारखं. म्हणजे त्सुरुओकात जो गुण चार वर्षं खपून काढून टाकला, तोच दुसरीकडे मुद्दाम घडवला जातोय.

हे सांगितल्यावर मी बरणी पुन्हा टेबलावर काढतो, बोळा बाहेर घेतो, झाकण उघडतो आणि खिडकीतल्या कोरड्या हवेत धागा वाळू देतो. मुलांना वाटतं कपटा आता पूर्वीच्या जागी खाली येणार. तो येत नाही, उलट आणखी केसभर वर सरकतो. पेन्सिलच्या जुन्या खुणेच्या वर आता दोन नव्या खुणा असतात. तेवढ्यात कोणीतरी ओला बोळा पुन्हा आत ठेवायला पुढे येतं आणि मी बरणी त्याच्याकडे सरकवतो.